इमो, हॅम काढून द्या : सोलमधले दहा महिने

तिरपागडी

मागे इथे कुणीतरी विचारलं होतं की लेक एक्स्चेंजवर कोरियाला चालली आहे, तिथे रोजचं राहणं कसं असतं. उत्तराच्या चार ओळी लिहिल्या, त्यांच्या चाळीस झाल्या, म्हणून वेगळा धागा. मी पुण्याहून ऑगस्ट २०२३ च्या शेवटी गेले आणि जून २०२४ मध्ये परत आले. दोन सेमिस्टर, राहायला होस्टेल, सोलच्या पश्चिमेला. युनिव्हर्सिटीचं नाव लिहीत नाही, कारण पुढेमागे कुरकुर होणार आहे.

राजवाडे, टॉवर, चेरीची फुलं यांचे व्हिडिओ ढिगाने आहेत, ते तिकडे बघा. मी पोटापासून सुरुवात करते.

मी अंडं खाते, त्यापलीकडे काही नाही. पहिले आठ दिवस केळी, दूध आणि उकडलेली अंडी यांवर काढले. किमचीत बहुतेक वेळा मासळीचा अर्क नाहीतर खारवलेली कोळंबी असते. निरुपद्रवी दिसणाऱ्या भाजीच्या सूपचं पाणीही सुक्या मासळीचं. शेवटी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या चार टेबलांच्या किंबापच्या दुकानात शिरले. किंबाप म्हणजे समुद्री शेवाळाच्या कागदासारख्या पापुद्र्यात भात, गाजर, पालक, पिवळा मुळा, अंड्याची पट्टी वगैरे घालून केलेली वळकटी. वरून तिळाचं तेल चोळतात आणि अळूवडीसारख्या चकत्या कापून देतात. मी वाक्य पाठ करून गेले होते, "गोगी प्पे जुसेयो", मांस काढून द्या. बाईंनी मान डोलावली आणि हॅम घातलेलं किंबाप समोर ठेवलं. मी हॅमकडे बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, हे गोगी नाही, हे हॅम आहे. आपल्याकडे बटाटा उपासाला चालतो ना, त्यातलाच प्रकार.

वर मी त्यांना "अजुम्मा" अशी हाक मारली होती. सिरियली बघून शिकलेला शब्द. त्यांचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांना म्हातारे म्हटलं.

रूममेट देगूची होती. तिने रात्री शिकवणी घेतली. अजुम्मा म्हणजे "ओ बाई", तोंडावर म्हणू नये. खानावळीतल्या बाईंना "इमो" म्हणायचं. इमो म्हणजे काय? तर आईची बहीण. मी पलंगावर उठूनच बसले. म्हणजे मावशी की! वडिलांच्या बहिणीला त्यांच्यात वेगळा शब्द आहे, "गोमो". पण खानावळीत गोमो कुणी म्हणत नाही. आपण तरी कँटीनच्या बाईंना आत्या कुठे म्हणतो?

दुसऱ्या दिवशी गेले आणि म्हटलं, "इमो, हेम प्पेगो जुसेयो." त्यांनी मान वर करून एकदा नीट बघितलं. त्या दिवशी हॅमच्या जागी अंड्याची पट्टी दुप्पट आली. पुढे मी दारात दिसले की त्या आत ओरडायच्या, "हॅम नको वाली आली!" दहा महिने माझं तिथलं नाव हेच होतं.

आणखी एक. भाताला कोरियनमध्ये "बाप" म्हणतात (हसून घ्या). भेटल्यावर "बाप मॉगॉस्सॉ?" असं विचारतात. भात खाल्लास का, म्हणजे जेवलीस का. याचं उत्तर खरं द्यायचं नसतं हे मला उशिरा कळलं. सुरुवातीला मी जिन्यात भेटलेल्या मुलीला काय खाल्लं, काय नाही खाल्लं, का नाही खाल्लं असं सगळं सांगत बसायचे.

आता फिरणं. टी-मनी कार्ड घ्यायचं, स्टेशनातल्या मशीनवर नोटा टाकून भरायचं, मेट्रो आणि बस दोन्हीकडे तेच. मी गेले तेव्हा मेट्रोचं किमान भाडं १,२५० वॉन होतं, ऑक्टोबरात १,४०० झालं (हजार वॉन म्हणजे तेव्हा साधारण ६२ रुपये). बसमधून उतरतानाही कार्ड टेकवायचं. तसं केलं आणि अर्ध्या तासात दुसरी बस किंवा मेट्रो पकडली तर किमान भाडं पुन्हा कापत नाहीत. उतरताना विसरलात की सवलत गेली. मी पहिला महिनाभर विसरत होते. गूगल मॅप तिथे चालायचा रस्ता दाखवत नव्हता, कारण तपशीलवार नकाशे देशाबाहेर न्यायला सरकारची परवानगी लागते. सगळे नेव्हर मॅप नाहीतर काकाओ मॅप वापरतात. आणि भेटायचं ठरलं की स्टेशनाचं नाव पुरत नाही, दाराचा नंबर लागतो. होंगदेच्या ९ नंबरच्या दाराशी शनिवारी संध्याकाळी माणूस शोधणं म्हणजे मंडईत विसर्जनाच्या रात्री चप्पल शोधणं.

माझं आवडतं भटकणं स्वस्तातलं होतं. गल्लीबोळांतून चढण चढणाऱ्या छोट्या हिरव्या बसेस असतात, त्यांना "माउल बस" म्हणजे गावची बस म्हणतात. कुठलीही पकडायची आणि शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं. तिथे एखादी टेकडी असते, व्यायामाची यंत्रं असतात आणि त्यांवर लटकलेल्या आज्या असतात.

चुसॉकचं सांगून थांबते. चुसॉक हा त्यांचा मोठा सण, आठव्या चांद्रमहिन्याची पौर्णिमा. २०२३ मध्ये आपली अनंत चतुर्दशी २८ सप्टेंबरला होती आणि चुसॉक २९ ला. म्हणजे इकडे आई गणपती पोचवून घरी आली आणि तिकडे सगळं सोल पूर्वजांसाठी पान मांडायला गावी निघून गेलं. पितरांची आठवण दोन्हीकडे एकाच पौर्णिमेच्या आसपास. त्या वर्षी जोडून सहा दिवस सुट्टी आली. मेस बंद, इमोंचं दुकान बंद, होस्टेलात आम्ही परदेशी मुलं आणि कॉरिडॉरमधला फ्रीज. राजवाडे मात्र सुट्टीभर फुकट होते, म्हणून रोज एक पाहिला. परत येताना रूममेटने आजीच्या हातच्या सोंगप्योनचा डबा आणला. तांदळाच्या पिठाची पारी, आत सारण, अर्धचंद्राचा आकार, पाइनच्या पानांवर वाफवलेली. आपण मोदकाखाली हळदीचं पान घालतो, ते पाइनच्या सुया घालतात. बाहेरून सारण कळत नाही. तीळ-साखर निघाली तर नशीब, बीन निघालं तर तोंड वाकडं. रूममेट बीनवाल्या ओळखायची आणि मुद्दाम मला द्यायची.

बाकी विचाराल तसं लिहीन.

कांदेपोहे_कन्या

हसून हसून पुरेवाट! "बाप खाल्लास का" आमच्या घरच्या ग्रुपवर टाकलं, बाबांनी ग्रुप सोडला.

इमो-गोमो भारी आहे. आत्याचा मान वेगळा, तिच्याकडे कोण भांडी घासायला लावेल?

लेकीची_आई_७२

तो प्रश्न मीच विचारला होता, धन्यवाद गं. लेक फेब्रुवारीच्या शेवटी निघतेय. घरात कुकरवरून वाद चालू आहे. कुकर न्यायचा का? डाळी मिळतात का? कागदपत्रांचं काय? आणि ती खरंच एकटी फिरू शकेल का?

तिरपागडी

काकू, कुकर नको, होस्टेलच्या खोलीत शिजवू देत नाहीत. खाली सामायिक स्वयंपाकघर असतं, तिथे इंडक्शन. हिंग, गोडा मसाला, मेतकूट द्या. मिक्स मसाल्यांची पाकिटं इतेवॉनला मिळतात, तिथे मशिदीच्या उतारावर आपल्याकडच्या सामानाची दुकानं आहेत. वरणभातासाठी दोंगदेमुनजवळच्या नेपाळी खानावळी. दाल-भात मागितला की तोंडी लावायला लोणचंही येतं, रडू येईल असं.

हिरवे मूग कोरियन दुकानात सहज मिळतात, नाव "नोक्दु". आता माझा शोध ऐका. तिथे घरं जमिनीखालून तापवतात, त्याला ओंदोल म्हणतात. भिजवलेले मूग फडक्यात बांधून रात्री जमिनीवर ठेवले की सकाळपर्यंत टरारून मोड. दहीसुद्धा तिथेच लागतं. रूममेटला वाटायचं मी जमिनीवर काहीतरी पाळलंय.

कागदपत्रं : व्हिसाला भारतीयांना टीबीची तपासणी लागते, मुंबईत त्यांचं वकिलातीचं कार्यालय आहे. पोचल्यावर ९० दिवसांच्या आत परदेशी नागरिकाचं ओळखपत्र काढायचं. त्याच्या रांगेची वेळ जाण्याआधीच ऑनलाइन घेता आली तर बघा. ते हातात येईपर्यंत फोन नंबर, बँक, सगळं अर्धवट राहतं. आरोग्यविमा मार्च २०२१ पासून विद्यार्थ्यांनाही सक्तीचा आहे, त्याचे महिन्याचे पैसे हिशेबात धरा.

एकटं फिरणं : रात्री अकराला एकटी चालत यायचे, भीती वाटली नाही. कॅफेत लॅपटॉप टेबलावर ठेवून लोक खुशाल बाहेर फोनवर बोलायला जातात. पुण्याला परतल्यावर ही सवय मोडायला त्रास झाला.

निवांत_नाना

छान लिहिलं आहे. थोडं अवांतर, पण आमच्या पिढीला कोरिया म्हटलं की सिरियल आठवत नाही, थोरात आठवतात.

१९५३ साली युद्धबंदी झाली. मायदेशी परत जायला तयार नसलेल्या युद्धकैद्यांचं काय करायचं, हा तिढा होता. त्यांना सांभाळायचं काम भारताच्या कस्टोडियन फोर्सकडे आलं आणि त्या फौजेचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांचा भारतीय सैनिकांनी त्यांच्या भूमीवर पाय ठेवायलाच विरोध होता. म्हणून आपल्या सैनिकांना इंचॉनच्या बंदरात जहाजांवरून उचलून हेलिकॉप्टरने थेट मधल्या निर्लष्करी पट्ट्यात नेलं. त्याआधी प्रत्यक्ष युद्धात आपली ६० वी पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स होतीच, लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखाली. तुम्ही त्या बाजूला गेला होतात का?

तिरपागडी

नाना, गेले होते, पण हे काहीच माहीत नसताना गेले, आता हळहळ वाटतेय. सोलहून सहलीची बस जाते, पासपोर्ट जवळ लागतो. इमजिंगाक, तिसरा बोगदा, मग दोरा टेहळणी ठाण्यातून दुर्बिणीने पलीकडची, उत्तर कोरियाची शेतं. बोगदा १९७८ मध्ये सापडला. उत्तरेकडून खणलेला, भिंतींना काळं फासून ही कोळशाची खाण आहे असा बनाव केलेला. आत हेल्मेट सक्तीचं. मी पाच फूट एक इंच, तरी दोनदा टकरले. आमच्याबरोबरचा डच मुलगा तर पूर्ण वेळ नमाजातल्यासारखा वाकलेला होता.

थोरातांबद्दल गाइडला विचारायला पाहिजे होतं. पुढच्यांनी विचारा.

सह्यभटक्या

मी २०१५ च्या आसपास कामानिमित्त सुवॉनला दीड वर्ष होतो. सुवॉनचा ह्वासाँग किल्ला कुणी चुकवू नये, १७९६ ला पुरा झाला. साडेपाच किलोमीटरच्या वर तटबंदी, संध्याकाळी पूर्ण फेरी मारता येते. आपल्या गडांच्या मानाने फार गुळगुळीत आहे, पण असो.

खरी मजा सोलच्या बुखानसान डोंगरावर. मेट्रोने जाऊन राष्ट्रीय उद्यानात शिरता येतं, असं शहर मी दुसरं पाहिलं नाही. बेगुंदे शिखर ८३६ मीटर, शेवटचा टप्पा उघड्या कातळावरून, लोखंडी दोर धरून. मी सिंहगडी तोऱ्यात साध्या बुटांवर, पाण्याची एक बाटली घेऊन गेलो. मागून साठीच्या बायका आल्या, दोन हातांत दोन काठ्या, हातमोजे, तोंडावर मास्क, डोक्यावर छज्जाएवढी टोपी, आणि मला ओलांडून गेल्या. वर पोचलो तेव्हा त्या चटई टाकून बसल्या होत्या. मला हातानेच खाली बसवलं आणि सोललेली अख्खी काकडी दिली. विळी नाही, मीठ नाही, काही नाही. तहानेला काकडी हे गणित तिथे सगळ्यांना पाठ आहे. तेव्हापासून मी राजगडालाही काकडीच नेतो.

खवचट_खापर

सगळं फारच गोड चाललंय. मेट्रोत आपल्या शेजारची जागा रिकामी राहते असं भाच्याने सांगितलं होतं. शिवाय धागाकर्तीने कुरकुरीचं आश्वासन दिलं होतं, ती कुठाय?

तिरपागडी

राहते. कायम नाही, पण राहते. पहिल्यांदा मी स्वतःच्या कपड्यांना मसाल्याचा वास येतो का ते बघितलं. मग कळलं की गर्दी असेल तर बसतात, नसेल तर उभे राहतात. त्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. एका मैत्रिणीला खोली भाड्याने बघताना फोनवरच "परदेशी नको" म्हणून सांगितलं. म्हणजे पुण्यात बॅचलरांना सांगतात तसंच, फक्त नम्र क्रियापदात.

रोज डोकं खाणारी गोष्ट वेगळीच. "स्वतःची ओळख पटवा" हा प्रकार. जेवण मागवायचं, रेल्वेचं तिकीट काढायचं, ऑनलाइन काहीही घ्यायचं, की फोन नंबर, ओळखपत्र आणि नाव जुळावं लागतं. माझं नाव बँकेत एका क्रमाने आणि फोन कंपनीत दुसऱ्या क्रमाने, वडिलांचं नाव एकीकडे अर्धं कापलेलं. डिसेंबरपर्यंत मी यंत्रांच्या दृष्टीने तीन वेगळ्या मुली होते.

कचरा. सरकारी पिशवी विकत घ्यायची, प्रत्येक विभागाची वेगळी. उष्टंखरकटं वेगळं, पण अंड्याची टरफलं आणि कांद्याची सालं खरकट्यात नाही, कारण ते पुढे जनावरांना खाऊ घालण्याजोगं असावं. रस्त्यावर कचरापेटी शोधून सापडत नाही. माझ्या पर्सच्या तळाशी कायम केळ्याचं साल.

आणि आता मुख्य कुरकुर. होस्टेलचं दार रात्री एक ते पहाटे पाच बंद. मशीन बोटाचा ठसा ओळखतं, नाव दाखवतं आणि उघडत नाही.

११ नोव्हेंबर, शनिवार. तिथे तो पेपेरो डे. चार एक शेजारी उभे दिसतात म्हणून चॉकलेट लावलेल्या बिस्किटांच्या काड्या एकमेकांना द्यायच्या. आम्ही तिघी येउईदोला हान नदीच्या काठी गेलो. तिथल्या दुकानात रामयॉनचं (इन्स्टंट नूडल्सचं) पाकीट घेतलं की फॉइलच्या भांड्यात मशीनवर शिजवून मिळतं. मी त्यांचा मसाला बाजूला ठेवून गोडा मसाला घातला. शेजारच्या चटईवरचे लोक वळून बघत होते. थंडी मरणाची, तरी गप्पा लांबल्या. परतताना लाइन २ पकडली. ती गोल फिरते, म्हणून आम्ही निर्धास्त. पण रात्री उशिराच्या गाड्या पूर्ण फेरा मारत नाहीत, मधेच एका स्टेशनात संपतात. डब्यावर शेवटचं स्टेशन लिहिलेलं असतं, ते वाचलंच नाही. मुंबईकरांना एका वाक्यात कळेल : कर्जत समजून ठाणे लोकलला बसलो. उरलेलं अंतर धावत-चालत काढलं. दारात पोचलो तेव्हा एक वाजून बारा मिनिटं.

मग झिमझिलबांग. रात्रभर उघडं असणारं सार्वजनिक स्नानगृह. आत गेल्यावर टीशर्ट-चड्डी देतात, गरम जमिनीवर चटई टाकून झोपायचं, भाजलेली तपकिरी अंडी खायची. झोप छान लागली. अडचण पुढे. पहाटे अंघोळीला गेले. बायकांचा भाग वेगळा, पण आत एकीच्याही अंगावर कपडा नाही. आज्या, आया, शाळकरी मुली, सगळ्या निवांत. मी टॉवेल घट्ट धरून दारात उभी. उलट टॉवेलमुळेच सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. शेवटी टाकला.

तिथे पैसे देऊन अंग चोळून घेता येतं. काळ्या अंतर्वस्त्रांतल्या एक दणकट बाई, हातात हिरवा खरबरीत मोजा (त्याला ते "इटली टॉवेल" म्हणतात). ओल्या टेबलावर मला पालथी घातली आणि सुरू. मळाच्या शेवया निघाल्या. पाठीवर चापट मारली की कूस बदलायची, एवढीच भाषा. खांद्यामागची हाडं त्या अशा काही रगडत होत्या की मला एकदम उटण्याचा वास आला. खरंच. मग तारीख आठवली. १२ नोव्हेंबर, नरक चतुर्दशी. सूर्योदयाला अजून अर्धा-पाऊण तास होता.

साडेनऊला आईचा फोन, तिकडे सहा वाजले होते. "अंघोळ केलीस का वेळेत?" म्हटलं, केली. कुठे ते मात्र अजून सांगितलेलं नाही.

खवचट_खापर

कुरकुर मान्य. खापर मागे घेतो.

शब्दवेडा_गणू

अयोध्येची राजकन्या कोरियाची राणी झाली होती, हो ना? म्हणूनच "अम्मा-अप्पा"सारखे शब्द तिथे आहेत असं वाचलं.

निवांत_नाना

गणूशेठ, ती कथा तेराव्या शतकातल्या "सामगुक युसा"मध्ये आहे, राणीचं नाव हो ह्वांग-ओक, देशाचं नाव "आयुता". ते अयोध्याच असं छातीठोक म्हणता येत नाही, अभ्यासकांत वाद आहे. आणि आई-बापाला म-प लावून हाक तर अर्ध्या जगातली पोरं मारतात.

तिरपागडी

गणू, व्याकरणाची गंमत मात्र खरी आहे. क्रियापद शेवटी, विभक्ती नामाला मागून चिकटलेली, मोठ्यांशी क्रियापदाचं रूप वेगळं. मनात मराठी वाक्य करायचं आणि एकेक शब्द बदलत जायचं. वर्गातला डच मुलगा वाक्य उलटं करत बसायचा तोवर माझं बोलून झालेलं असायचं. तेवढ्यापुरती मी वर्गात हुशार.

कांदेपोहे_कन्या

शाकाहारींनी ठरवून खायला जावं अशी एखादी जागा सांग ना.

तिरपागडी

ग्वांगजांग बाजार, जोंगनो ५-गा स्टेशन. १९०५ पासूनचा. मधल्या गल्लीत दोन्ही बाजूंना बाकडी आणि प्रत्येक गाळ्यावर मोटरवर फिरणारं दगडी जातं. वरून भिजवलेले मूग पडताहेत, कडेने पिवळसर पीठ ओघळतंय. त्यात मोड, कांद्याची पात घालून तेलात अक्षरशः पोहायला सोडतात. "बिंदेत्तॉक". आपलं मुगाचं धिरडं, फक्त बोटभर जाड आणि कडा वड्यासारख्या कुरकुरीत. सोबत सोया सॉसमधला कच्चा कांदा. मांस घातलेलंही असतं, म्हणून आधी "गोगी?" विचारायचं. (हॅमचं वेगळं विचारायचं!)

लेकीची_आई_७२

धागा वर काढतेय. लेक पोचली, तीन आठवडे झाले. मेतकूट संपलं. मूग जमिनीवर ठेवले होते, पण थंडी कमी झाली म्हणून होस्टेलने ओंदोल बंद केलं, मोड यायला दोन दिवस लागले. रूममेट व्हिएतनामी आहे, तिने मोड पाहून ते सरळ नूडल्सवर घातले.

आणि ती तिथल्या एका बाईंना "इमो" म्हणाली तर त्या म्हणाल्या, मी फक्त तीस वर्षांची आहे. आता काय म्हणायचं?

तिरपागडी

"ऑन्नी", काकू. ताई.